पाणथळ जागा म्हणजे पडीक जागा नव्हे



आज जरा लांबच्या विषयावर लिहिते आहे. फिनलंड, स्वीडन, रशिया, कॅनडा अशा थंड देशांतल्या दलदलीबद्दल. तुम्ही म्हणाल, आपण मराठवाड्यातले. पाण्याच्या टँकरची वाट बघणारे लोक आपण, आपल्याला दलदलीचं काय? पण शेवटपर्यंत वाचा. हा विषय फिनलंडहून निघून चितेगावातून पैठण रस्त्याने थेट नाथसागराच्या काठावर येतो. माझं मत आधीच सांगून टाकते: पाणथळ जागेला आपण जे नाव देतो, त्यावर त्या जागेचं भवितव्य ठरतं. आणि ते नाव मुलं पहिल्यांदा आपल्या वर्गात ऐकतात.

आपल्याकडची नावं बघा. सातबाऱ्यावर "पोटखराबा". शेतकऱ्याच्या तोंडी "चिबड जमीन". धरणाच्या कागदात "बुडीत क्षेत्र". आणि सगळ्यांच्या तोंडी सरसकट "पडीक". या चारही शब्दांचा अर्थ एकच निघतो, इथं काही पिकत नाही. मग जे पिकत नाही ते भरून टाका, सपाट करा, तिथं कचरा टाका किंवा प्लॉट पाडा. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

पीट म्हणजे नेमकं काय?

कोळशाचे प्रकार शिकवताना आपण चार नावं पाठ करून घेतो. अँथ्रासाइट, बिट्युमिनस, लिग्नाइट आणि शेवटी पीट. पीट म्हणजे कमी प्रतीचा कोळसा, एवढं सांगून पुढे जातो. पण पीट हा मुळात कोळसा झालेलाच नसतो. ते अर्धवट कुजलेलं गवत, शेवाळ, पानं आणि मुळं असतात. आपल्या भागातल्या मुलांना हा शब्द दुसऱ्या वाटेने माहीत आहे. मिरची, टोमॅटोची रोपं ज्या ट्रेमध्ये येतात त्यात कोकोपीट असतं. नारळाच्या काथ्याच्या भुशाला "पीट" हे नाव पडलं, कारण परदेशात रोपवाटिकेत खरं पीट वापरत होते आणि हा भुसा त्याची जागा घेतो. वर्गात कोकोपीटची एक वीट आणून पाण्यात टाका. ती फुगते आणि पाणी धरून ठेवते. पीटचा पहिला गुण मुलांना तिथंच कळतो.

आता दुसरा गुण. गवत पाण्यात पडलं तर कुजायला पाहिजे, मग पीट कुजत का नाही? याचं उत्तर आपल्या दुधाच्या धंद्यात आहे. मुरघास करताना आपण हिरवा मका कुट्टी करून बॅगेत दाबून भरतो आणि आतली हवा काढतो. हवा नाही, वरून चाऱ्याला आंबटपणा येतो, म्हणून तो सडत नाही, महिनोन्‌महिने टिकतो. पीटभूमीत हेच निसर्ग करतो. जमीन कायम पाण्याने भरलेली, त्यामुळे आत हवा नाही. तिथलं मुख्य शेवाळ म्हणजे स्फॅग्नम, ते पाणी आंबट करतं. वर थंडी. मग दरवर्षी जेवढं उगवतं त्यातलं थोडं कुजायचं राहून जातं आणि थरावर थर चढत जातो.

हा थर किती वेगाने वाढतो? वर्षाला साधारण एक मिलिमीटर. फळ्यावर हिशोब मांडा. १० वर्षांत एक सेंटिमीटर. दोन मीटर जाडीच्या थराला सुमारे २,००० वर्षं. म्हणजे आपल्या पैठणला जेव्हा सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान होती, त्या काळात उगवलेलं शेवाळ आज त्या थराच्या तळाशी आहे. मुलांना इतिहास आणि भूगोल एकाच वेळी असा कळला तर किती बरं.

पीटमध्ये टिकतं तरी काय काय? १९५० मध्ये डेन्मार्कमध्ये पीट खणणाऱ्या लोकांना एका माणसाचा मृतदेह सापडला. चेहरा इतका शाबूत होता, हनुवटीवरचे दाढीचे खुंटसुद्धा दिसत होते, की त्यांना वाटलं नुकताच खून झालाय. पोलिसांना बोलावलं. तपासाअंती कळलं की तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा आहे. ही गोष्ट सांगितली की पाचवीच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते.

गोधडीच्या टाक्यांसारखी जमीन

उत्तरेकडच्या काही पीटभूमी आकाशातून पाहिल्या तर त्यांवर नक्षी दिसते. फिनलंडमध्ये त्यांना "आपा" म्हणतात. कॅनडात लॅब्राडोरच्या भागात, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आणि सायबेरियातही त्या आहेत. वाकळेवर किंवा गोधडीवर जसे ओळीने टाके असतात, तशा लांबच लांब उंचवट्यांच्या रांगा आणि मध्ये पाण्याच्या पट्ट्या. पुन्हा उंचवटा, पुन्हा पाणी.

या रांगा कशा पडतात हे समजून घेण्यासारखं आहे. तिथली जमीन अगदी हलक्या उताराची असते. बर्फ वितळलं की पाणी त्या उतारावरून संथपणे सरकतं. जिथं जमीन जराशी उंच, तिथं झाडोरा चांगला वाढतो, काडीकचरा अडकतो आणि उंचवटा आणखी उंच होतो. जिथं जराशी खोल, तिथं पाणी साचतं, झाडोरा कमी वाढतो आणि खोलगट भाग खोलगटच राहतो. शेकडो वर्षांत या फरकाच्या रांगा होतात. आणि या रांगा उताराच्या दिशेने जात नाहीत. त्या उताराला आडव्या असतात.

इथं आपल्या शेतकऱ्याच्या मुलाचे डोळे चमकायला पाहिजेत. उताराला आडवी पेरणी, समतल बांध, सलग समतल चर! पाणलोटाच्या कामात आपण डोंगरावर जे खोदतो, तेच तिथं शेवाळाने आपोआप केलेलं आहे. पाणी पळू द्यायचं नाही, चालायला लावायचं. उंचवट्यामागे पाणी थांबतं, मुरतं आणि हळूहळू पुढच्या पट्टीत जातं. पानलोट विकासाचा इतका सुंदर नकाशा दुसरीकडे मिळणार नाही.

मग उपयोग काय?

वर्गात हे सांगत असताना एका मुलाने विचारलं, "मॅडम, तिथं काही पिकत नाही, घर बांधता येत नाही, मग त्याचा उपयोग काय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. मोठी माणसंही हाच प्रश्न विचारतात, फक्त उत्तराची वाट बघत नाहीत.

जगाच्या एकूण जमिनीपैकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास जमीन पीटभूमी आहे. पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांमध्ये मिळून जेवढा कार्बन साठला आहे, त्याहून जास्त कार्बन या ३ टक्क्यांत आहे. हवेतला कार्बन शेवाळाने घेतला, शेवाळ मेलं, कुजलं नाही, कार्बन आतच राहिला. हजारो वर्षांची ही मुदत ठेव आहे. ती मोडायची सोपी रीत म्हणजे चर खोदून पाणी काढून देणं. पाणी गेलं की हवा आत शिरते, हवा शिरली की कुजणं सुरू होतं आणि ठेव धुरासारखी हवेत जाते. मुरघासाच्या बॅगेला भोक पडलं तर काय होतं, ते आठवा.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. फिनलंडने आपल्या निम्म्याहून अधिक पीटभूमीचं पाणी चर खोदून काढून दिलं, मुख्यतः लाकडासाठी झाडं वाढवायला. मिनेसोटात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीसाठी मैलोन्‌मैल चर खोदले. शेती जमली नाही, लोक जमिनी सोडून गेले आणि कर्जाचा बोजा स्थानिक प्रशासनावर राहिला. रशियात २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्कोभोवतीच्या वाळलेल्या पीटला आग लागली आणि शहर कित्येक दिवस धुरात गुदमरलं. पीटची आग जमिनीखाली धुमसते, वरून पाणी मारून ती विझत नाही. त्यानंतर तिथं ते चर बुजवून पीट पुन्हा ओलं करायचं काम हाती घेतलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये निसर्ग पूर्ववत करण्याचा जो कायदा केला, त्यातही पाणी काढून टाकलेली पीटभूमी पुन्हा ओली करण्याची उद्दिष्टं आहेत.

म्हणजे आधी "पडीक" म्हणून पैसे खर्चून पाणी काढलं, आता पुन्हा पैसे खर्चून पाणी भरताहेत. दोन्ही खर्च वाचले असते. जमिनीला नाव देतानाच चूक झाली होती.

आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्रात अशी नक्षीदार पीटभूमी नाही. आपलं हवामान उष्ण, इथं पाला पाचोळा लवकर कुजतो. भारतात निलगिरीच्या उंच डोंगरांत पीट सापडतं. पण त्याच जातकुळीची एक जागा आपल्या राज्यात आहे, साताऱ्याजवळचं कास पठार. जांभ्या खडकाचा सडा, त्यावर मातीचा पातळ थर आणि पावसाळ्यात साचून राहणारं पाणी. मातीत पोषण कमी. अशा जागी काही वनस्पती कीटक खाऊन पोट भरतात. तिथली दवबिंदू ही वनस्पती आणि सीतेची आसवं नावाची निळी जांभळी फुलं त्यातलीच. याच वनस्पतींची भावंडं फिनलंडच्या दलदलीतही आहेत. हवामान वेगळं, अडचण सारखी, त्यामुळे उपायही सारखा. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत जागा मिळाली, त्यात कास आहे. एकेकाळी तेही "नुसता सडा" होतं.

आणि आपल्या दाराशी आहे नाथसागर. चितेगावपासून पैठण तीसेक किलोमीटर. आपल्या रस्त्याच्या कडेने जी मोठी जलवाहिनी जाते, तिच्यातून संभाजीनगर शहर याच जलाशयाचं पाणी पितं. जायकवाडी धरणाचा पाया १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. शंभराहून अधिक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आपल्या वर्गातल्या कुणाच्या ना कुणाच्या आजीआजोबांचं मूळ गाव त्या पाण्याखाली आहे, हे विसरून या विषयावर बोलता येत नाही.

सहावी सातवीच्या मुलांसाठी एक गणित देते. नाथसागराची साठवण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर. पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर, म्हणजे ३५० दशलक्ष चौरस मीटर. भागाकार करा. सरासरी खोली येते साधारण ८.३ मीटर. एवढा मोठा जलाशय, आणि सरासरी खोली आपल्या गावातल्या बऱ्याच विहिरींपेक्षा कमी! नाथसागर हा घागरीसारखा नाही, परातीसारखा आहे. परातीत पाणी बोटभर कमी झालं तरी काठावरचा मोठा भाग उघडा पडतो. तसंच इथं होतं. पाण्याची पातळी थोडी उतरली की मैलभर चिखल उघडा पडतो.

हा चिखलच सगळ्या गोष्टीचं मर्म आहे.

६० ग्रॅमचा पाहुणा

हिवाळ्यात नाथसागरावर कोण कोण येतं? चक्रवाक येतात लडाख, तिबेट आणि मध्य आशियातून. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरहून जास्त उंचीवर त्यांच्या उडण्याची नोंद झाली आहे. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक येतात. रोहित येतात, त्यांचे फोटो दरवर्षी पेपरात छापून येतात.

पण मला मुलांना एका लहान पक्ष्याची गोष्ट सांगायला आवडते. इंग्रजी नाव वूड सँडपायपर, तुतवारच्या घराण्यातला. पाठीवर पांढरट ठिपके, पिवळसर पाय, सरळ चोच. वजन साधारण ६० ग्रॅम, बिस्किटाच्या छोट्या पुड्याएवढं. हा पक्षी उन्हाळ्यात अंडी कुठं घालतो? उत्तर युरोप ते सायबेरिया या पट्ट्यातल्या दलदलीत. वर ज्या गोधडीसारख्या पीटभूमींबद्दल लिहिलं, त्या याच पक्ष्याचं माहेर आहेत. आणि थंडीत तिथलं पाणी गोठलं की तो आफ्रिकेत आणि आपल्याकडे भारतात येतो. उथळ पाण्याच्या काठी, चिखलात चोच खुपसून अळ्या, किडे टिपत फिरतो. तळ्याच्या, ओढ्याच्या, भातखाचराच्या कडेला, कुठंही.

त्याला खोल पाणी चालत नाही, तिथं त्याचे पाय पोचत नाहीत. कोरडी जमीनही चालत नाही, तिथं चोच शिरत नाही. त्याला पाहिजे बरोबर ती मधली जागा, जिला आपण "ना धड शेत, ना धड पाणी" म्हणून नाक मुरडतो. तिकडे फिनलंडवाल्याने चर खोदला किंवा इकडे आपण काठ बुजवला, दोन्ही वेळी घर एकाचंच मोडतं. त्याच्या दृष्टीने त्या दोन जागा एकाच घराच्या दोन खोल्या आहेत.

मध्य आशियातून जाणाऱ्या या पक्ष्यांच्या मार्गात ३० देश येतात. त्यातलं एक थांब्याचं ठिकाण आपल्याला एस.टी.ने जाऊन बघता येतं, ही काही लहान गोष्ट नाही.

खरा वाद कुठं आहे

आता थोडं अवघड बोलू. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर. पण त्याच काठावर गाळपेर होते. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत हरभरा, गहू, ज्वारी, टरबूज घेतात. ही शेती करणाऱ्यांत बरेच जण ते आहेत, ज्यांची स्वतःची जमीन याच धरणात गेली. त्यांना "पक्ष्यांसाठी बाजूला व्हा" असं एखाद्या शहरी माणसाने सांगणं मला पटत नाही. ज्यांनी एकदा सगळं दिलं त्यांच्याकडेच पुन्हा मागायचं, हा कुठला न्याय?

पण दुसरी बाजूही खरी आहे. गाळपेरीत टाकलेलं रासायनिक खत आणि फवारलेलं औषध पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं की थेट जलाशयात मिसळतं. तेच पाणी शहर पितं, तेच पाणी त्या शेतकऱ्याचा नातू पितो. म्हणून माझं मत असं: गाळपेर बंद करा, हे उत्तर नाही. गाळपेर औषधाशिवाय करा आणि त्यासाठी शेतकऱ्याला मदत द्या, हे उत्तर आहे. मुळात गाळाच्या जमिनीला वरखताची गरज कमीच असते. आणि पाण्यालगतची एक पट्टी मोकळी ठेवा, ती पक्ष्यांची. कुठली पट्टी ते काठच्या गावांना विचारून ठरवा. पक्षी कुठं उतरतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?

तरंगत्या सौर पॅनलचाही विषय आहे. नाथसागराच्या पाण्यावर सौर पॅनल बसवून वीज तयार करायचा प्रस्ताव पुढे आला. मासेमारीवर पोट असलेल्या समाजाची संघटना त्याविरुद्ध हरित लवादात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. सौर वीज वाईट नाही. पॅनलखालच्या पाण्याचं बाष्पीभवन कमी होतं, कोळसा वाचतो, हेही खरं. पण "एवढं पाणी रिकामं पडलंय" या वाक्याला माझा विरोध आहे. पाण्याचा पृष्ठभाग रिकामा नसतो. त्यावर जाळं पडतं, बदकं उतरतात. पॅनल बसवायचेच तर खोल पाण्यात बसवा, उथळ काठ सोडा, आणि मासेमारांना आधी विचारा. एवढं मागणं विकासाच्या आड येत नाही.

तिसरी गोष्ट सांडपाण्याची. शहरातून येणारी खाम नदी शेवटी नाथसागरालाच मिळते. लव्हाळे, पाणकणीस यांची दाट पट्टी असली की तिथं पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, मुळांवरचे सूक्ष्मजीव घाणीतलं नायट्रोजन खाऊन टाकतात. हे फुकटचं गाळणीचं काम आहे. पण गाळणीलाही मर्यादा असते. चहाच्या गाळणीत आपण खडी ओतत नाही. कारखान्याचं रसायन आणि अख्ख्या शहराचं मैलापाणी लव्हाळ्याच्या भरवशावर सोडून चालणार नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नाथसागर म्हणजे काही पीटभूमी नव्हे. तो माणसाने बांधलेला आहे, वयाने जेमतेम पन्नाशीचा. पन्नास वर्षांत पीट फक्त पाच सेंटिमीटर वाढतं! कार्बन साठवण्याचं ते मोठं काम नाथसागराकडून होत नाही. दोघांत सारखं आहे ते ओलं राहणं आणि त्या ओलीवर जगणारे जीव. पण पन्नास वर्षांत एवढे पक्षी इथं आले, यावरून एक कळतं. पाणथळ जागा जपली तर निसर्ग आपणहून पत्ता शोधत येतो.

याच गोदावरीवर आपल्या वरच्या अंगाला, निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे. तेही बंधाऱ्यामुळे साचलेल्या गाळातून तयार झालेलं पाणथळ. २०२० मध्ये ते महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. त्यानंतर लोणार आणि ठाणे खाडीही यादीत आली. रामसर हे इराणमधलं शहर, तिथं २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. त्या करारातली व्याख्या दिलदार आहे. नैसर्गिक असो की मानवनिर्मित, दलदल असो, पीटभूमी असो की उथळ पाणी, सगळं पाणथळच.

आपल्या देशाचे २०१७ चे पाणथळ नियम मात्र इतके दिलदार नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यातून वगळले आहेत. नाथसागराला अभयारण्याचं कवच तरी आहे. पण आपल्या गावचा पाझर तलाव, गावतळं, जुनं कुंड? त्यांना कुठलंच कवच नाही. त्यांची राखण करणारी एकच जागा उरते, ती म्हणजे ग्रामसभा.

शाळेत काय करता येईल?

नुसतं मत मांडून उपयोग नाही, म्हणून चार उपक्रम सुचवते. खर्च जवळपास नाही.

१. दोन परातींचा प्रयोग. दोन परातीत माती घ्या आणि एका बाजूने थोडी उचला. एकीत उताराला उभे वरंबे करा, दुसरीत आडवे. दोन्हींत तांब्याभर पाणी सावकाश ओता. कुठल्या परातीतून पाणी आधी आणि गढूळ येतं, ते मुलांना बघू द्या. मग नक्षीदार पीटभूमीचं चित्र काढून दाखवा. वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

२. शब्दांची वही. आजीआजोबांना विचारून गावातल्या ओल्या जागांची नावं गोळा करा. चिबड, झिरा, डोह, डबकं, कुंड, पाझर. प्रत्येक जागा आज कशी आहे, तिथं आता काय आहे, हे पुढे लिहा. बऱ्याच नावांपुढे "आता प्लॉटिंग" असं येईल. तेही लिहू द्या.

३. पाखरांची हजेरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्यातून एकदा, जवळच्या तळ्यावर किंवा ओढ्यावर. नाव माहीत नसलं तरी चालेल. "लांब पायांचा, ठिपकेवाला, शेपूट हलवणारा" एवढी नोंदही पुरते. पाण्याच्या काठी मुलं नेताना सोबत दोन मोठी माणसं हवीतच, आणि चिखलात कुणी उतरायचं नाही. संभाजीनगरला सहल गेली तर सलीम अली सरोवर अर्धा तास तरी दाखवा. भर शहरात पाणथळ जागा कशी असते ते कळेल.

४. लोक जैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि ही नोंदवही असायला हवी. मुलांची हजेरी आणि शब्दांची वही ग्रामसभेत वाचून दाखवा आणि तळं, तिथले पक्षी, झाडोरा यांची नोंद त्या वहीत करायला सांगा. नोंद असली की उद्या कुणी तळं बुजवायला आलं तर बोलायला कागद हातात असतो. माझ्या मते चौघांत हाच उपक्रम सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

शेवटी एवढंच

आपली मुलं मोठी होतील. कुणी शेती करेल, कुणी कंपनीत जाईल, कुणी सरपंच होईल, कुणी तलाठी. त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी टेबलावर एक दिवस कागद येईल, "सदर जागा पडीक असून पाणी साचते, सबब भराव टाकण्यास परवानगी मिळावी." त्या क्षणी सही करायच्या आधी त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिला पाहिजे. पडीक म्हणजे नक्की कुणासाठी पडीक?

तो प्रश्न पेरणं आपल्या हातात आहे. परीक्षेत त्याला गुण नाहीत, निष्पत्तीच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. तरीही तो पेरायचा. येत्या २ फेब्रुवारीला परिपाठात पाच मिनिटं काढा, ६० ग्रॅमच्या त्या पक्ष्याची गोष्ट सांगा. बाकीचं मुलं स्वतःच विचारतील.